बोगद्यातील पांडुरोग

आल्प्स पर्वत पोखरून केलेल्या सेंट गॉथर्ड बोगद्याची कथा अभियांत्रिकीच्या पुस्तकांतून मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. १८७२ ते १८८२ अशी दहा वर्षे, पंधरा किलोमीटर लांबी, आणि काम पुरे होण्याआधीच १८७९ साली बोगद्यात मरण पावलेला कंत्राटदार लुई फाव्र. आम्हांला मात्र या बोगद्याची आठवण होते ती चिमूटभर विष्ठेमुळे. विषय शिष्टसंमत नव्हे, हे आम्ही जाणतो. पण वैद्यकाचा इतिहास सोवळ्यात राहून लिहिता येत नाही.

बोगद्यातले बहुतेक मजूर इटलीचे. काही महिन्यांत ते पांढरेफटक पडू लागत. चार पावले चालले की धाप, छातीत धडधड, पायांवर सूज. कारणे सांगितली जात ती अशी: कोंदट हवा, सुरुंगांचा धूर, निकस अन्न. हवा खरोखरच कोंदट होती, तेव्हा हे खोटे वाटावे असे काही नव्हते. शिवाय ते सोयीचेही होते. हवेवर कोणी फिर्याद करीत नाही.

खरा अपराधी तर आधीच सापडला होता. १८३८ साली मिलान येथे अँजेलो दुबिनी याला एका शेतकरी स्त्रीच्या शवाच्या आतड्यात सेंटिमीटरभर लांबीचा कृमी दिसला. हाच अंकुशकृमी. आतड्याच्या अस्तराला तोंडाने धरून तो रक्त पितो. परंतु माणूस मेल्यावर कृमी दिसला, याचा जित्या रोग्याला काय उपयोग? ही अडचण दूर केली १८७८ साली बात्तिस्ता ग्रासी या चोवीस वर्षांच्या तरुणाने आणि कोर्रादो व एर्नेस्तो पारोना या त्याच्या सहकाऱ्यांनी. या कृमीची अंडी रोग्याच्या विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि तेवढ्यावरून निदान करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. मादी रोज हजारो अंडी घालते. म्हणून काचेवर पाण्यात कालवलेला कणभर नमुनाही बहुधा पुरतो. पातळ पारदर्शक कवच आणि आत चारआठ पेशी, ही त्या अंड्याची खूण. नमुना मात्र ताजा हवा. उबेत राहिला तर एकदोन दिवसांत अंडी फुटून अळ्या बाहेर येतात.

आणि बोगद्यात नेमके हेच घडत होते! आत शौचकूप नव्हते, चिखल होता, आणि उष्मा तीस अंशांपर्यंत पोचत असे. बाहेरच्या थंडीत जी अळी जगती ना, तिला डोंगराच्या पोटात उष्ण कटिबंध लाभला. १८८० साली तुरीन येथे बोगद्यातील एका मजुराचे शवविच्छेदन झाले, त्यात हे कृमी आढळले. एदोआर्दो पेरोंचितो याने आजारी मजुरांची विष्ठा तपासली आणि पांडुरोगाचे मूळ उघडे केले. अळी त्वचेतून शरीरात शिरते, हे आर्थर लूस याने कैरो येथे दाखवले, ते पुष्कळ नंतर.

आमच्या मते काचेवरच्या त्या अंड्याने दोन गोष्टी एकदम सांगितल्या: मजुराला औषध द्या, आणि कामाच्या जागी शौचकूप बांधा. पहिली ऐकणे सोपे. दुसरीला पैसा लागतो. १८९८ साली सुरू झालेल्या सिंप्लॉन बोगद्याच्या कामावर शौचकूप आणि स्नानगृहे यांची सोय केली गेली, आणि तेथे हा रोग फैलावला नाही. गॉथर्डवर अपघातात दगावलेल्यांची यादी आहे. गावी परतून खाटेवर झिजून मेले, ते तिच्यात नाहीत.