मेंदूपेढीची कुळकथा

वेल्डिंगच्या रॉडमध्ये मँगेनीज असते आणि ते धुरावाटे वेल्डरच्या नाकात जाते. फार दिवस फार प्रमाणात गेले, तर चाल बिघडते, अंग ताठरते, चेहरा निर्विकार होतो. वरवर पाहता हा कंपवातच. पण मेंदू उघडून पाहिला तर कंपवातात मध्यमेंदूतला काळसर पट्टा झिजलेला असतो, तर मँगेनीजचा मारा मुख्यतः ग्लोबस पॅलिडस या दुसऱ्याच भागावर झालेला दिसतो. हा फरक शवविच्छेदनाच्या टेबलावरच उलगडला.

जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये कंपवातावर निबंध लिहिला, तेव्हा त्याच्याकडे सहा रुग्ण होते. त्यांतले काही तर केवळ रस्त्यात पाहिलेले. तपासायला मेंदू एकही नव्हता. १८३७ मध्ये जॉन कूपरने ग्लासगोतल्या मँगेनीज दळणाऱ्या कामगारांचे लटपटणारे पाय नोंदवले. त्यांच्या मेंदूत काय बिघडले, हे पाहायची साधने मात्र अजून यायची होती.

ती आली ती आडवाटेने. फर्डिनांड ब्लूम १८९३ मध्ये फॉर्मॅलिन जंतुनाशक म्हणून तपासत होता. त्याच्या बोटांची कातडी कडक झाली, आणि ऊती टिकवायचा उपाय हाती लागला. पुढे बील्शोव्स्कीने चांदीच्या क्षाराने चेतातंतू रंगवायची रीत काढली. तीच रीत वापरून आलॉइस आल्झायमरने स्मृतिभ्रंश झालेल्या आउगुस्टे डेटर या रुग्णेच्या मेंदूतले गुंते आणि चकत्या पाहिल्या व ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या सभेत मांडल्या. १९१२ मध्ये लेवीने कंपवाताच्या पेशींतले गोळे वर्णिले. १९१९ मध्ये ट्रेत्याकॉफने झीज त्या काळसर पट्ट्यातच असल्याचे दाखवले.

पण फॉर्मॅलिनमध्ये आकार टिकतो, रसायने टिकत नाहीत. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी फॉर्मॅलिनमध्ये न बुडवलेले मेंदू तपासले, म्हणूनच त्यांना डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची तूट सापडली. पुढच्याच वर्षी, ज्यापासून डोपामिन बनते ते लेव्होडोपा रुग्णांना टोचून पाहिले गेले. आज कंपवाताच्या गोळ्यांत तेच मुख्य औषध आहे. म्हणून मेंदूपेढ्यांत, म्हणजे मृतांचे मेंदू संशोधनासाठी जपणाऱ्या संस्थांत, मेंदूचे बहुधा दोन वाटे करतात: एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा उणे ८० अंशांवर. शेजारी ठेवून ताडून पाहायला निरोगी माणसांचेही मेंदू लागतात.

बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकार संस्थेत अशी पेढी १९९५ पासून आहे. अभ्यासाला मृतदेह देण्याची सोय मात्र आपल्याकडे जुनी. मुंबईचा शरीररचनाशास्त्र कायदा १९४९ चा. पण देहदानातला देह विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी रसायने भरून ठेवतात. पेढीला मेंदू मृत्यूनंतर काही तासांत लागतो, आणि सोबत रोगाचे कागदपत्र.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, मागोमाग वेल्डिंग चालणारे मोटारींचे कारखाने. त्या पहिल्या पिढीतले हयात कामगार आज कंपवाताच्या आणि स्मृतिभ्रंशाच्या वयात आहेत. वेल्डिंगच्या धुराने खरा कंपवात होतो का, हा वाद अजून मिटलेला नाही. कोण किती वर्षे कोणत्या शॉपमध्ये होता, हे सांगणाऱ्या सेवानोंदी कारखान्यांकडे असतात, रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये शहरातच आहेत. सेवानोंद, केसपेपर आणि घरच्यांची संमती यांची गाठ घालणारी मेंदूपेढी पिंपरी-चिंचवडमध्येच उभी राहायला हवी.