सकाळचं कॉलेज

२० जून १९४६. महायुद्ध थांबून वर्षही झालं नव्हतं. मुंबईत लष्कराच्या बराकींमध्ये सिद्धार्थ कॉलेज ऑफ आर्ट्स अँड सायन्सचं पहिलं वर्ष सुरू झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आदल्या जुलैत पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली होती. स्वतःच्या इमारतीसाठी ते खोळंबून राहिले नाहीत.

कॉलेजांच्या इतिहासात प्राचार्य येतात, कोनशिला येतात, वेळापत्रक मात्र येत नाही. सिद्धार्थचं यायलाच हवं. तास सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्याला पगार न सोडता पदवी घेता येई.

माझे वडील तिथलेच, पुढच्या एका तुकडीतले. फोर्टात कारकून होते. परळहून अंधारात निघायचे, डबा आणि वही एकाच पिशवीत. ती अर्थशास्त्राची वही माझ्याकडे आहे: समासात तेलाचे डाग, मागणी-पुरवठ्याचे आलेख पेन्सिलीने काढलेले, मागच्या पानावर फीच्या हप्त्यांचा हिशेब. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेले ते पहिले.

पुढे कॉलेजही फोर्टात आनंद भवनात आलं. आणि १९५० च्या जूनमध्ये सोसायटीने औरंगाबादेत दुसरं कॉलेज सुरू केलं, आजचं मिलिंद.