एक शिक्षक कमी केला तर?

एका शाळेत तिसरीच्या पाच तुकड्या आहेत आणि प्रत्येकीत २४ मुले. पैशांची टंचाई आली म्हणून एक शिक्षक कमी केला, तर त्याच १२० मुलांच्या चार तुकड्या होतील. प्रत्येकीत ३० मुले. हिशेबाच्या वहीत एका पगाराची बचत लगेच दिसते. मुलांच्या शिकण्यात झालेली घट मात्र त्या वहीत कुठेच नोंदली जात नाही. ती मोजायची कशी? अमेरिकेतील दोन राज्यांचा इतिहास या बाबतीत बोलका आहे.

टेनेसीतील प्रयोग

लहान वर्गात मुले अधिक चांगली शिकतात, असे आपल्याला वाटतेच. पण हे सिद्ध करणे अवघड आहे. लहान वर्ग पुष्कळदा सुखवस्तू वस्तीतल्या शाळांत असतात आणि तिथल्या मुलांना घरूनही मदत मिळते. उलट, काही शाळा मागे पडलेल्या मुलांसाठी मुद्दाम लहान वर्ग करतात. मग दिसणारा फरक पटसंख्येमुळे पडला की इतर कारणांनी, हे कसे ओळखणार?

टेनेसी राज्याने १९८५ मध्ये ‘स्टार’ नावाचा प्रयोग सुरू केला. पहिल्या वर्षी ७९ शाळांतील सहा हजारांहून अधिक मुले त्यात होती. प्रत्येक शाळेत तीन प्रकारचे वर्ग केले: १३ ते १७ मुलांचा लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचा नेहमीचा वर्ग, आणि तेवढ्याच मुलांचा पण शिक्षकाला पूर्णवेळ मदतनीस दिलेला वर्ग. कोणते मूल आणि कोणता शिक्षक कुठे जाणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निव्वळ योगायोगावर सोपवले. तिन्ही वर्ग एकाच शाळेतले असल्याने मुख्याध्यापक, इमारत, वस्ती सारखीच राहिली. बालवर्गापासून तिसरीपर्यंत चार वर्षे हा प्रयोग चालला.

लहान वर्गातील मुले वाचनात आणि गणितात स्पष्टपणे पुढे गेली. कृष्णवर्णीय मुलांना झालेला फायदा तर गोऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट होता. मदतनीस दिल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. चौथीत सर्वच मुले नेहमीच्या वर्गात परतली, तरी पुढे महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्यांचे प्रमाण लहान वर्गात शिकलेल्यांमध्ये जास्त आढळले.

असे का व्हावे? साठ मिनिटांच्या तासात २० मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात, ३० असतील तर दोनच. शिवाय लहान वर्गात मागच्या बाकावर लपून राहता येत नाही. घरी विचारायला कुणी नसलेल्या मुलाला याचा उपयोग सर्वांत जास्त.

कॅलिफोर्नियाची घाई

कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये मतदारांनी ‘प्रस्ताव १३’ मंजूर केला. घरजमिनीवरील कर मालमत्तेच्या नोंदलेल्या किमतीच्या एक टक्क्यापुरता मर्यादित झाला. शाळांचा मोठा आधार हाच कर होता. पुढच्या काळात देशातील सर्वांत मोठे वर्ग असलेल्या राज्यांत कॅलिफोर्नियाची गणना होऊ लागली.

१९९६ मध्ये तिजोरीत पैसा आला. तिसरीपर्यंतच्या वर्गात २० पेक्षा जास्त मुले ठेवणार नाहीत, त्या शाळांना लहान वर्गातील दर मुलामागे ६५० डॉलर देण्याचे राज्याने ठरवले. शाळांनी ते ताबडतोब अमलात आणले. हजारो शिक्षक एकदम लागले. ते आणायचे कुठून? प्राथमिक वर्गांवरील पूर्ण पात्रता नसलेल्या शिक्षकांचे प्रमाण शंभरात दोनवरून दोन वर्षांत बाराच्या आसपास गेले आणि असे शिक्षक जास्त करून गरीब मुलांच्या शाळांच्या वाट्याला आले. वाचनालये आणि संगीताच्या खोल्या वर्गांसाठी रिकाम्या कराव्या लागल्या. मुलांचे गुण थोडे वाढले, पण सर्वच शाळांनी एकदम वर्ग लहान केल्याने तुलनेसाठी मोठे वर्ग फारसे उरलेच नाहीत. त्यामुळे वाढीचे श्रेय कशाला द्यायचे, हे अभ्यासकांना ठरवता आले नाही.

पुढे २००८ चे आर्थिक संकट आले. २००९ मध्ये राज्याने २० ची अट सैल केली आणि अनेक ठिकाणी वर्ग पुन्हा ३० च्या घरात गेले. २०१३ च्या नव्या निधीव्यवस्थेत या वर्गांसाठी ठेवलेले उद्दिष्ट २४ चे होते, पूर्वीच्या २० चे नव्हे.

यातून काय दिसते? पटसंख्येचा परिणाम होतो, तो लहान वयात ठळक असतो आणि आधीच मागे असलेल्या मुलांवर सर्वांत जास्त होतो. म्हणजे कपातीची किंमतही तीच मुले अधिक मोजतात. नुसते वर्ग लहान करूनही भागत नाही. त्यात उभा राहणारा शिक्षक तयार असावा लागतो. असा शिक्षक घडायला काही वर्षे लागतात, त्याला कमी करायला मात्र एक अंदाजपत्रक पुरते. म्हणून पैशांच्या टंचाईत ‘वर्गात आणखी पाच-सहा मुले बसवली तर काय बिघडते?’ असे कुणी विचारले, तर टेनेसीच्या मुलांचे उत्तर आपल्याजवळ असायला हवे.