व्हिचेन्झा ते साकाई: सायकलच्या सुट्या भागांवरील निष्ठा

शर्यतीची सायकल सहसा एका कारखान्यात पूर्ण होत नाही. फ्रेम एकाची, हब दुसऱ्याचे, चेन तिसऱ्याची, सीट चौथ्याची, अशी ती जुळवली जाते. विसाव्या शतकाच्या मध्याला इटली, फ्रान्स आणि बेल्जियममध्ये ही जुळणी स्वार किंवा त्याचा मेकॅनिक स्वतःच ठरवत असे. चिनेलीचे हँडल, रेजिनाची चेन आणि फ्रीव्हील, माफाकचे ब्रेक, ब्रुक्सची चामडी सीट अशी सायकल तेव्हा नेहमीची होती. कोणत्या कंपनीवर भरवसा ठेवायचा हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक भागापाशी नव्याने उभा राही, आणि स्वार उत्तर देई ते बहुधा अनुभवावरून, कधी केवळ हट्टाने.

या निवडीला एक मर्यादा होती, ती आट्यांची. पायडलच्या दांड्यांची धुरी जिथे बसते त्या बॉटम ब्रॅकेटचे आटे इटालियन फ्रेममध्ये ३६ मिलिमीटर व्यासाचे, फ्रेंच फ्रेममध्ये ३५ मिलिमीटरचे, तर इंग्रजी फ्रेममध्ये १.३७ इंचाचे असत. फ्रेम कुठल्या देशाची यावर काही भाग आपोआप ठरून जात. पण गिअर, ब्रेक, हब, हँडल आणि सीट यांत मोकळीक बरीच होती. गिअरचा लिव्हर फ्रेमच्या खालच्या दांडीवर असे आणि तो केवळ घर्षणाने जागेवर राही. चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नीट गेली की नाही हे स्वाराने आवाजावरून ओळखायचे आणि लिव्हर किंचित पुढेमागे करायचा. अशा व्यवस्थेत एका कंपनीचा लिव्हर दुसऱ्या कंपनीच्या डिरेल्युअरला, म्हणजे चेन सरकवणाऱ्या भागाला, सहज चाले. एखाद्या नावाशी चिकटून राहण्याची सक्ती यंत्राकडून नव्हती. तरीही स्वार चिकटून राहत, आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी ते नाव एकच होते: कॅम्पॅग्नोलो.

तुल्लिओ कॅम्पॅग्नोलो यांचा जन्म १९०१ मध्ये उत्तर इटलीतल्या व्हिचेन्झाचा. ते स्वतः शर्यती खेळत. क्रोचे द'आउने या घाटात बर्फ पडत असताना गारठलेल्या बोटांनी चाकाचे नट सुटेनात, म्हणून झटक्यात चाक काढता येईल असा लिव्हर त्यांना सुचला, ही कथा कंपनी आणि तिचे चाहते पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. कथेत भर किती पडली हे बाजूला ठेवले तरी लिव्हर खराच होता. क्विक रिलीज म्हणून तो आज जगभर वापरात आहे. १९३३ मध्ये त्यांनी कंपनी काढली. १९४८ ची टूर द फ्रान्स जिनो बार्ताली यांनी जिंकली ती कॅम्पॅग्नोलोच्या गिअरवर. पुढे ग्रान स्पोर्त, रेकॉर्ड, आणि १९६७ मधला नुओवो रेकॉर्ड हे डिरेल्युअर आले. बेल्जियन स्वार एडी मर्क्स यांच्या विजयांच्या काळात शर्यतीतल्या बहुतांश सायकलींवर हेच नाव कोरलेले दिसे.

या निष्ठेमागे विजेत्यांची झळाळी होतीच, पण खरा आधार दुरुस्तीचा होता. कॅम्पॅग्नोलोच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक स्क्रू, वॉशर आणि स्प्रिंगला स्वतंत्र क्रमांक असे आणि ती वस्तू एकेकटी विकत मिळे. हबमधले कोन आणि छर्रे झिजले तर तेवढेच बदलायचे, हब तसाच राहायचा. नमुने वर्षानुवर्षे जवळपास तेच ठेवल्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या डिरेल्युअरलाही सुटा भाग मिळे. मेकॅनिकला हे फार सोयीचे होते, आणि मेकॅनिक जे सांगेल ते तरुण स्वार घेत असे.

गुणवत्तेचा निकष एवढाच असता तर मात्र या निष्ठेला सत्तरच्या दशकातच धक्का बसायला हवा होता. जपानच्या माएदा आयर्न वर्क्सने, म्हणजे सनटूर या नावाने भाग विकणाऱ्या कंपनीने, १९६४ मध्ये तिरप्या समांतरभुजी रचनेचा डिरेल्युअर तयार केला होता. त्यात चेन मार्गदर्शक चाकावरून चकत्यांच्या उताराला समांतर सरके, म्हणून गिअर अचूक आणि कमी जोरात बदले. हा भाग कॅम्पॅग्नोलोच्या तुलनेत खूपच स्वस्त होता आणि गिअर बदलण्यात सरसही. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या हौशी स्वारांनी तो उचलून धरला, पण युरोपातल्या शर्यतीच्या वर्तुळाने त्याकडे फारसे पाहिले नाही. नुओवो रेकॉर्डचा चकचकीत धातू आणि त्यावरचे नाव यांची किंमत लोक डोळे उघडे ठेवून मोजत होते.

शिमानोची सुरुवात १९२१ मध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरात झाली. साकाई शतकानुशतके सुऱ्या आणि तोड्याच्या बंदुका घडवणाऱ्या लोहारांचे गाव. सायकल आल्यावर तिथले हातोडे तिच्या भागांकडे वळले. शोझाबुरो शिमानो यांनी आरंभ केला तो फ्रीव्हीलपासून. १९७३ मध्ये ड्युरा-एस हा शर्यतीचा संच बाजारात आला आणि बेल्जियमच्या फ्लांड्रिया संघाने तो वापरला. त्याच वर्षी बार्सेलोनातल्या जागतिक स्पर्धेत शेवटच्या टप्प्यात चौघे पुढे निसटले. कॅम्पॅग्नोलो वापरणारे फेलिचे जिमोंदी पहिले, शिमानो वापरणारे फ्रेडी मार्टेन्स दुसरे, लुइस ओकान्या तिसरे आणि मर्क्स चौथे आले. शिमानोला जिंकू द्यायचे नाही असे तुल्लिओ कॅम्पॅग्नोलो यांनीच बजावले होते, असा आरोप मार्टेन्स यांनी नंतर केला. तो सिद्ध झाला नाही. बेल्जियममध्ये त्यावरून दोन तट पडले आणि वाद दशकानुदशके धुमसत राहिला. गिअरचा शिक्का शर्यतीचा निकाल फिरवू शकतो यावर कित्येकांचा सहज विश्वास बसला, हेच त्या काळाविषयी पुरेसे सांगून जाते.

खरा पालट झाला १९८४ मध्ये. सनटूरच्या तिरप्या रचनेचे पेटंट त्या सुमारास संपले. शिमानोने ती रचना घेतली आणि नव्या ड्युरा-एस संचात लिव्हरला खाचा दिल्या. आता ‘टक्’ असा आवाज आला की चेन नेमकी पुढच्या चकतीवर. कान लावून अंदाज घेण्याची गरज संपली. मात्र ही नेमकी हालचाल साधायची तर लिव्हर एका खाचेत किती केबल ओढतो, त्या ओढीने डिरेल्युअर किती सरकतो आणि दोन चकत्यांमध्ये अंतर किती, ही तिन्ही मापे जुळावी लागतात. पुढे आठ चकत्यांच्या संचात शिमानोचे हे अंतर ४.८ मिलिमीटर आणि कॅम्पॅग्नोलोचे ५ मिलिमीटर झाले. फरक केसभराचा, पण सात अंतरांत साठत जाऊन तो सव्वा मिलिमीटरच्या पुढे जातो आणि चेन कुरकुरू लागते. चकत्या ज्या हबवर बसतात त्याच्या खाचाही दोघांनी वेगळ्या ठेवल्या. १९९० मध्ये शिमानोने ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले, दोन वर्षांत कॅम्पॅग्नोलोनेही तसा लिव्हर काढला. यानंतर एक भाग बदलणे म्हणजे अर्धी सायकल बदलणे असा हिशेब झाला. पूर्वी निष्ठा स्वाराच्या पसंतीची गोष्ट होती, आता ती केबलच्या मापात बांधली गेली.

ज्यांना हे गणित वेळेवर जमले नाही ते मागे पडले. सनटूरची खाचांची प्रणाली उशिरा आली आणि नव्वदच्या दशकात ही कंपनी मूळ रूपात उरली नाही. कॅम्पॅग्नोलोचा १९८७ चा सिंक्रो लिव्हर फसला, माउंटन बाइकच्या बाजारात शिरलेली ही कंपनी थोड्याच वर्षांत तिथून बाहेरही पडली. फ्रान्सची सिम्प्लेक्स आणि ह्युरे ही नावे संग्राहकांपुरती राहिली. उलट शिमानोने सायकल बनवणाऱ्या कंपन्यांना पूर्ण संच विकण्यावर भर दिला. संपूर्ण शिमानो घेणाऱ्यांना मिळणारी सवलत अन्यायाची आहे, असा दावा शिकागोच्या नवख्या स्रॅम कंपनीने १९९० मध्ये अमेरिकेत लावला. त्यात तडजोड झाली. हीच स्रॅम पुढे झाक्स, रॉकशॉक्स, ॲव्हिड अशा कंपन्या विकत घेत २००६ मध्ये रोड सायकलच्या पूर्ण संचासह तिसरी प्रतिस्पर्धी ठरली.

भारतात ही चढाओढ उशिरा पोचली. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरातही अनेक दशके बिनगिअरची काळी सायकल होती. तिचे भाग एकमेकांत सर्रास बसत, म्हणून निष्ठा सुट्या भागांपेक्षा पूर्ण सायकलवर, रॅले, हर्क्युलस किंवा ॲटलसवर असे. अपवाद फक्त टायर आणि सीटचा. गिअरच्या सायकली बाजारात स्थिरावल्या तेव्हा बहुतेकांच्या वाट्याला शिमानो निवडीने आले नाही, ते सायकलीवर आधीच बसवलेले होते.

विजेवर चालणाऱ्या आणि पुढे बिनतारी झालेल्या गिअरनी ही बांधणी आणखी घट्ट केली, कारण एका कंपनीचा लिव्हर दुसऱ्या कंपनीच्या डिरेल्युअरशी संदेशाची भाषाच जुळवू शकत नाही. टूर द फ्रान्सच्या २०२० आणि २०२१ च्या विजेत्या सायकलवर कॅम्पॅग्नोलोचे भाग होते, तरी २०२४ च्या हंगामात वर्ल्डटूर दर्जाच्या एकाही संघाकडे हे भाग नव्हते. जुन्या चाहत्यांनी मात्र आपली वेगळी जागा राखली आहे. टस्कनीतल्या गायोले गावात १९९७ पासून भरणाऱ्या एरोइका फेरीत १९८७ पूर्वीच्या सायकलींनाच मान असतो, आणि खालच्या दांडीवरचा लिव्हर तिथे अजून बोटांनी चाचपत फिरवला जातो.

मोकळी निवड आज उरली आहे ती मोजक्या भागांत. माप जुळले की टायर कोणत्याही कंपनीचा चालतो. पायडलचे आटे जवळपास सर्वत्र सारखे असले तरी १९८४ मध्ये फ्रान्सच्या लुकने आणलेल्या बिनपट्ट्यांच्या पायडलपासून बुटाखालची क्लीट त्या त्या कंपनीचीच लागते. सीटच्या खालच्या सळया बहुधा ७ मिलिमीटरच्या, म्हणून सीट कोणत्याही सायकलवर चढते. तरीही बर्मिंगहॅमच्या ब्रुक्सचे गिऱ्हाईक सहसा दुसरीकडे जात नाही. तिचे जाड चामडे शेकडो किलोमीटरनंतर बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे दबते, आणि स्वार सायकल विकताना ती सीट काढून ठेवून घेतो.