संवादोपचाराचा अधिकार कोणाकडे? : व्हिएन्ना ते गोवा – एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मनाच्या दुखण्यावर बोलणे हाच उपचार असू शकतो, ही कल्पना समुपदेशन केंद्रे, महाविद्यालयांतील समुपदेशन कक्ष आणि दूरध्वनी सेवा यांमुळे आता परिचयाची झाली आहे. मात्र संवादाला उपचार म्हणून शास्त्रीय मान्यता मिळण्याची प्रक्रिया सुमारे एकशे चाळीस वर्षांची आहे. मनोविश्लेषण, वर्तनोपचार, व्यक्तिकेंद्रित समुपदेशन, विवेकनिष्ठ उपचार, बोधात्मक उपचार या पद्धती पाठ्यपुस्तकांत बहुधा एकीखाली एक अशा यादीच्या स्वरूपात येतात. त्यामुळे प्रत्येक पद्धती तिच्या आधीच्या पद्धतीवरील कोणत्या आक्षेपातून जन्मली, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही.

या इतिहासात दोन प्रश्न सातत्याने उपस्थित झालेले दिसतात. पहिला, रुग्णाच्या दुखण्याचा अर्थ कोणी सांगायचा : उपचारकाने की खुद्द रुग्णाने? दुसरा, असा उपचार करण्याचा अधिकार कोणाला : केवळ वैद्यकीय पदवीधराला की प्रशिक्षण घेतलेल्या अन्य व्यक्तीलाही? भारताच्या संदर्भात दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य, चिंता यांसारख्या सामान्य मानसिक विकारांनी ग्रस्त असलेल्या सुमारे ८५ टक्के व्यक्ती उपचारांपासून वंचित होत्या. ही दरी कोणी भरून काढायची, याचे उत्तर शोधताना संवादोपचाराच्या इतिहासाकडे वळणे उपयुक्त ठरते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१. संवादोपचाराच्या प्रमुख पद्धतींचा उदय व त्यामागील कारणे स्पष्ट करणे.
२. उपचारक आणि रुग्ण यांच्या नात्यात होत गेलेले बदल अभ्यासणे.
३. उपचाराच्या अधिकाराविषयीच्या वादाचा गोवा व महाराष्ट्रातील अनुभवाच्या आधारे विचार करणे.
लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. बोलण्यातून उपचार : व्हिएन्नातील प्रारंभ

डॉ. जोसेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात व्हिएन्ना येथे बर्था पापेनहाइम या तरुणीवर उपचार केले. आजारी वडिलांची शुश्रूषा करीत असताना तिला खोकला, हातापायांचा लुळेपणा, दृष्टिदोष अशी लक्षणे जडली होती. काही काळ तिची मातृभाषा जर्मन तिच्या ओठी येईना. ती केवळ इंग्रजीत बोलू शके. लक्षणाशी निगडित आठवणी सांगितल्यावर ते लक्षण ओसरते, असे दोघांच्याही ध्यानात आले. या प्रक्रियेला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच इंग्रजीत दिले. म्हणजे या उपचारपद्धतीचे नामकरण डॉक्टरने नव्हे, तर रुग्णाने केले.

ब्रॉयर व सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये हिस्टेरियावरील ग्रंथात हा वृत्तान्त ‘ॲना ओ.’ या टोपणनावाने प्रसिद्ध केला. त्यात ती बरी झाल्याचे सूचित केले असले तरी १८८२ मध्ये तिला स्वित्झर्लंडमधील क्रॉइट्सलिंगेन येथील रुग्णालयात दाखल करावे लागले होते, हे पुढे कागदपत्रांवरून उघड झाले. कालांतराने ती सावरली आणि जर्मनीतील ज्यू स्त्रियांच्या संघटनेची १९०४ मध्ये तिने स्थापना केली. संवादोपचाराच्या पहिल्या प्रसिद्ध उदाहरणातच यशाचा दावा आणि वस्तुस्थिती यांत अंतर होते, ही बाब पुढील वाटचाल समजून घेताना लक्षात ठेवावी लागते.

फ्रॉइडने संमोहन सोडून मुक्त साहचर्याचा मार्ग स्वीकारला. रुग्णाने मनात येईल ते न गाळता बोलावे आणि विश्लेषकाने त्यामागील अबोध आशय उलगडावा, अशी ही रचना होती. येथे बोलणारा रुग्ण असला तरी त्या बोलण्याचा अर्थ लावण्याचे काम प्रामुख्याने विश्लेषकाकडे राहिले.

भारतात ही विद्या लवकर पोहोचली. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्ता येथे भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि काही मुद्द्यांवर त्यांनी आपले मतभेदही स्पष्टपणे मांडले. तथापि दीर्घकाळ चालणारा व खर्चिक असा हा उपचार मोठ्या शहरांतील मर्यादित वर्गापलीकडे फारसा गेला नाही.

२. बिगर-वैद्यकीय विश्लेषकाचा वाद

उपचाराच्या अधिकाराचा प्रश्न १९२६ मध्ये व्हिएन्नातच ऐरणीवर आला. थिओडोर राइक हे मानसशास्त्राचे डॉक्टरेटप्राप्त अभ्यासक होते. वैद्यकीय पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्यावर अनधिकृत वैद्यकी केल्याचा आरोप झाला. त्यांच्या बचावार्थ फ्रॉइडने बिगर-वैद्यकीय विश्लेषणाच्या प्रश्नावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. विश्लेषणाचे रीतसर प्रशिक्षण न घेता रुग्ण हाताळणारा माणूस अनधिकृत समजावा, मग तो डॉक्टर असो वा नसो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. खुद्द त्यांची कन्या ॲना फ्रॉइड ही शिक्षिका होती, डॉक्टर नव्हे.

राइक यांच्यावरील आरोप टिकला नाही. परंतु अमेरिकेत वेगळे घडले. तेथील मनोविश्लेषण संघटनेने १९३८ मध्ये प्रशिक्षणाचे दरवाजे व्यवहारतः डॉक्टरांपुरतेच खुले ठेवले. मानसशास्त्रज्ञांना त्याविरुद्ध १९८० च्या दशकात न्यायालयात दाद मागावी लागली, तेव्हा हे बंधन शिथिल झाले. म्हणजे फ्रॉइडची पद्धती ज्या देशात सर्वाधिक फोफावली, तेथे अधिकाराविषयीचे त्याचेच मत जवळपास अर्धशतक बाजूला ठेवले गेले.

३. रुग्णाकडून समुपदेशनार्थीकडे : कार्ल रॉजर्स

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये समुपदेशन व मानसोपचार या विषयावर ग्रंथ लिहिला. मानसोपचार हे डॉक्टरांचे क्षेत्र मानले जात असल्याने मानसशास्त्रज्ञांच्या कामास ‘समुपदेशन’ ही संज्ञा सोयीची ठरली. रॉजर्स यांनी ‘रुग्ण’ हा शब्दही टाळला. मराठीत त्यांच्या संज्ञेसाठी ‘समुपदेशनार्थी’ हा शब्द वापरला जातो. आपल्या अडचणीचा अर्थ समुपदेशनार्थी स्वतःच शोधू शकतो. समुपदेशकाने समानुभूती, निरपेक्ष स्वीकार आणि सच्चेपणा या अटी पाळाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

रॉजर्स यांचे दुसरे योगदान तितकेच मोलाचे आहे. त्यांनी समुपदेशनाच्या बैठका ध्वनिमुद्रित करवून घेतल्या आणि १९४२ च्या ग्रंथात एका व्यक्तीच्या आठ बैठकांचे शब्दशः लेखन छापले. तोवर बंद दाराआड काय घडले हे केवळ उपचारकाच्या स्मरणावर अवलंबून असे. ध्वनिमुद्रणामुळे उपचारकाचे बोलणेही तपासता येऊ लागले.

४. पुराव्याची मागणी : वर्तनोपचार ते बोधात्मक उपचार

हान्स आयझेंक यांनी १९५२ मध्ये मानसोपचाराच्या परिणामकारकतेवरच प्रश्नचिन्ह उपस्थित केले. मज्जाविकृतीचे सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण उपचारांविनाही दोनेक वर्षांत सुधारतात, असा त्यांचा दावा होता. त्यांची आकडेमोड वादग्रस्त ठरली. पण त्या वादामुळे नियंत्रित अभ्यासांना चालना मिळाली. मेरी स्मिथ व जीन ग्लास यांनी १९७७ मध्ये अशा ३७५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून मानसोपचाराचा लाभ होतो, असा निष्कर्ष मांडला.

दरम्यान नव्या पद्धती पुढे आल्या होत्या. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात भीतीवर क्रमबद्ध असंवेदनीकरणाची पद्धती मांडली. व्यक्तीला शिथिल अवस्थेत ठेवून भीतीदायक प्रसंगांची सौम्याकडून तीव्राकडे क्रमाने कल्पना करावयास सांगणे, हे तिचे सूत्र होते.

मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतलेल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना माणसाला अस्वस्थ करीत नाही, तर घटनेविषयीच्या त्याच्या हट्टी व अविवेकी समजुती करतात. हे सूत्र त्यांनी एपिक्टेटस या प्राचीन तत्त्ववेत्त्याच्या विचारातून घेतले होते. या पद्धतीचा महाराष्ट्राशी विशेष संबंध आहे. मुंबईतील मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धती आत्मसात केली आणि लेखन व प्रशिक्षण यांद्वारे ती मराठीत रुजवली. उपचाराचे तत्त्व मातृभाषेत समजणे म्हणजे ते वापरण्याचा अधिकार सामान्य वाचकालाही मिळणे होय. त्या दृष्टीने हे कार्य केवळ भाषांतराचे नव्हते.

एरन बेक हेही मूळचे मनोविश्लेषक. नैराश्यग्रस्तांच्या स्वप्नांत फ्रॉइडच्या सिद्धांतानुसार दडपलेला राग दिसावयास हवा होता. बेक यांना दिसली ती हानी आणि अपयशाची भावना. त्यातून स्वतः, जग आणि भविष्य यांविषयीच्या नकारात्मक विचारांवर भर देणारी बोधात्मक उपचारपद्धती आकारास आली. नैराश्यावरील या उपचाराची ग्रंथरूप मांडणी १९७९ मध्ये झाली. येथे उपचारक आणि रुग्ण हे दोघे एखाद्या विचाराची पुराव्यानिशी तपासणी करणारे सहकारी ठरतात. बैठकांची संख्या मर्यादित, टप्पे निश्चित आणि घरी करावयाचा अभ्यास ठरलेला असल्याने ही पद्धती शिकवणे व तपासणे सुकर झाले.

नील जेकबसन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याच उपचाराचे घटक वेगळे करून पाहिले. व्यक्तीला दैनंदिन अर्थपूर्ण कृतींकडे पुन्हा वळवणारा ‘वर्तन-सक्रियण’ हा एकच घटक संपूर्ण उपचाराइतका परिणामकारक आढळला. उपचार साधा करता येतो, तर तो शिकवताही अधिक लोकांना येईल, ही शक्यता त्यातून पुढे आली.

५. गोवा आणि विदर्भ : अधिकाराचा नवा अर्थ

ही शक्यता प्रत्यक्षात उतरवण्याचे महत्त्वाचे काम गोव्यात झाले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या पुढाकाराने मानसिक आरोग्याचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशक म्हणून तयार केले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ चाचणीत या समुपदेशकांमुळे सरकारी आरोग्य केंद्रांतील रुग्णांना स्पष्ट लाभ झाल्याचे आढळले. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. व्यवस्था कोणती, यावरही परिणाम अवलंबून असतो, हे त्यातून सूचित होते.

पुढील चाचणी वर्तन-सक्रियणावर आधारित होती. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र स्वरूपाच्या नैराश्याने ग्रस्त ४९५ प्रौढांचा तीत समावेश होता. समुपदेशकांनी घेतलेल्या सहा ते आठ बैठकांच्या या उपचारानंतर तीन महिन्यांच्या टप्प्यावर ६४ टक्के व्यक्तींची लक्षणे ओसरल्याचे आढळले. केवळ नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. समुपदेशक परस्परांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून गुणवत्ता तपासत. रॉजर्स यांनी सुरू केलेली प्रथा येथे पदवीची जागा घेणारी कसोटी ठरली.

महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबविण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे नोंदले गेले. ही तुलना कार्यक्रमापूर्वीच्या व नंतरच्या स्थितीची असल्याने तिला नियंत्रित चाचणीचे वजन देता येत नाही. तरीही गावातील प्रशिक्षित माणूस समोर असला की लोक बोलावयास तयार होतात, एवढे त्यातून निश्चित दिसते.

६. विवेचन

वरील वाटचालीत अर्थ लावण्याचा अधिकार टप्प्याटप्प्याने उपचारकाकडून रुग्णाकडे सरकला. उपचार करण्याचा अधिकार मात्र तितक्या सहजपणे सरकला नाही. प्रत्येक टप्प्यावर व्यावसायिक संघटना व कायदा यांनी तो रोखून धरला. या रोखण्यास योग्य कारणही होते. मनाने खचलेली व्यक्ती सहज फसवली जाऊ शकते. प्रशिक्षणाविना ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांपासून तिचे संरक्षण आवश्यकच आहे. भारतात १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्यान्वये चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे. परंतु नोंदणीकृत तज्ज्ञ जेथे पोहोचत नाहीत, तेथे हा हक्क कागदावरच राहतो.

गोव्यातील अनुभव अनिर्बंध समुपदेशनाचे समर्थन करीत नाही. तेथे उपचार ठरावीक होता, त्याची पुस्तिका होती, देखरेख सातत्याची होती आणि गंभीर रुग्णांसाठी डॉक्टर उपलब्ध होते. यांपैकी एकही घटक वगळल्यास तोच परिणाम मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. फ्रॉइडने १९२६ मध्ये घेतलेली भूमिका आणि गोव्यातील निष्कर्ष यांत ९० वर्षांचे अंतर आहे. दोहोंचा रोख मात्र समान आहे. पदवी हे पात्रतेचे एक चिन्ह आहे, पात्रता नव्हे.

निष्कर्ष

१. संवादोपचाराच्या पद्धती परस्परांपासून तुटक नसून प्रत्येक पद्धती आधीच्या पद्धतीच्या मर्यादेला दिलेले उत्तर आहे.
२. उपचाराची ध्वनिमुद्रणे व नियंत्रित चाचण्या यांमुळे उपचारकाच्या व्यक्तिगत दाव्याची जागा पडताळणीने घेतली.
३. गोव्यातील चाचण्यांनी प्रशिक्षित व देखरेखीखाली काम करणारी स्थानिक व्यक्ती परिणामकारक उपचार देऊ शकते, हे दाखवून दिले.
४. महाराष्ट्रात समुपदेशन सेवेचा विस्तार करताना पदवीबरोबरच मातृभाषेतील प्रशिक्षण, सातत्यपूर्ण देखरेख व परिणामांची तपासणी या कसोट्या लावणे आवश्यक आहे.

बर्था पापेनहाइमला आजारपणात मातृभाषा पारखी झाली होती. ज्या समाजात दुःख सांगावयास आपल्या भाषेत ऐकणारा माणूसच जवळ नाही, त्या समाजाची स्थिती याहून फार वेगळी नाही. ऐकणाऱ्यांची संख्या वाढवणे आणि त्यांच्या ऐकण्याची गुणवत्ता राखणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील, हाच या इतिहासाचा बोध आहे.