जूनची खरेदी आणि काटकसरीची बदनामी

मे सरत आला की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येते: दुसऱ्या कशातही हात आखडता घ्या, पोरांच्या शिक्षणात नको. मग महाद्वार रोडवर, पापाच्या तिकटीला, राजारामपुरीत गर्दी लोटते. दप्तर नवे, डबा नवा, पाण्याची बाटली नवी, कंपासपेटी नवी, पुस्तकांचा संच नवा. गेल्या वर्षीचे दप्तर धडधाकट अवस्थेत खुंटीला लटकत असते. 'हेच अजून एक वर्ष चालेल' असे म्हणणाऱ्या बापाला नातेवाईक चिकट ठरवतात. या मताला आता इतकी मान्यता मिळाली आहे की त्याच्या विरोधात बोलणे म्हणजे मुलांच्या भवितव्याच्या विरोधात बोलणे, असा समज झाला आहे. तो समज खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

प्रतिपक्षाची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती मांडणारी माणसे उथळ नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी स्वतः फाटक्या दप्तराने शाळा काढली आहे. आपण भोगले ते मुलाच्या वाट्याला येऊ नये, ही त्यांची तळमळ खरी आहे. ते म्हणतात, जुने सामान घेऊन गेलेले मूल वर्गात खजील होते. पुस्तके सारखी बदलतात, जुनी घेऊन काय करायचे? स्वस्त घ्यावे तर ते चार महिन्यांत मोडते. शिवाय प्रत्येकाने हात आखडला तर पेठेतल्या दुकानदाराने जगायचे कसे? आणि या सगळ्याच्या वर, शाहू महाराजांच्या नगरीत शिक्षणाच्या खर्चाला कात्री लावणे शोभते का?

शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, म्हणून तोच आधी घेतो.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. त्याआधी १९०१ पासून त्यांनी या शहरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. हा सारा पैसा गेला कशावर? शाळांवर, शिक्षकांवर, खेड्यातून आलेल्या पोराच्या राहण्याजेवणावर. दरबाराने खर्च उचलला तो पालकाचा भार हलका व्हावा म्हणून. याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अखेर मंगळसूत्रही मोडले. तिथली मुले हाताने कामे करून शिकली. त्या त्यागातून मुलांच्या ताटात भाकरी आली. शिक्षणावरचा खर्च आणि शाळेच्या सामानावरचा खर्च यांतला भेद त्या पिढीला स्वच्छ कळत होता. आपण तो पुसून टाकला आहे. दर जूनला सामान बदलण्यासाठी शाहूंचे नाव घेणे हा त्यांच्या कार्याचा विपर्यास आहे.

सामानाचा हा खर्च किरकोळही नाही. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणात दर विद्यार्थ्यामागे सरासरी सर्वाधिक खर्च शुल्कावर, ७,१११ रुपये, आणि त्याखालोखाल पुस्तके व लेखनसाहित्यावर, २,००२ रुपये, असा आढळला. ही देशाची सरासरी आहे. दोन-तीन मुलांच्या घरात तो आकडा एकाच पगारातून, एकाच पंधरवड्यात बाहेर पडतो.

आता खजील होण्याचा मुद्दा. पेठेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोराला तालमीतल्या सीनिअर खेळाडूने आपली जुनी जर्सी दिली, तर ते पोर लाजेल की चार गल्ल्या मिरवेल? वस्तू जुनी म्हणून मूल लाजत नाही. ती देताना आईबापाचा चेहरा पडला, की लाजते. ताईची पुस्तके हाती देताना 'यंदा एवढ्यावर भागव' म्हटले तर मुलाला उणीव दिसणार. 'ताईने यातच खुणा केल्यात, त्या बघ' म्हटले तर तेच पुस्तक आधार होते. शिवाय दुसरी बाजू तपासा. गणवेश आला तोच मुळी मुलामुलांतला फरक झाकण्यासाठी. महागडी बाटली, चित्रांचे दप्तर, दुमजली कंपासपेटी यांनी तो फरक पुन्हा बाकावर आणून ठेवला. ज्या मुलाचा बाप हे घेऊ शकत नाही, त्याच्या मनातला न्यूनगंड कुणी निर्माण केला? जुने वापरणाऱ्यांनी नक्कीच नाही.

'पुस्तके सारखी बदलतात' हे विधान तर अनेक जण तपासल्याशिवायच करतात. बालभारतीची नववीची पुस्तके २०१७ साली बदलली, दहावीची २०१८ साली, बारावीची २०२० साली. दहावीच्या कितीतरी तुकड्या त्यानंतर त्याच मजकुरावर परीक्षा देऊन गेल्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिलीची पुस्तके २०२५ साली बदलली आणि पुढच्या इयत्तांचा क्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे. म्हणून जिथे बदल झाला तिथे जुना संच घेऊ नये, हे मला मान्य आहे. पण बदल झाला की नाही हे कळायला पाच मिनिटे लागतात. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत प्रथमावृत्ती कोणती आणि पुनर्मुद्रण कितवे, दोन्ही छापलेले असते. बालभारतीच्या संकेतस्थळावर चालू पुस्तक फुकट उघडता येते. जुने पुस्तक शेजारी ठेवून अनुक्रमणिका ताडून पाहा. जुळली, तर नवा संच कशासाठी? आणि शासकीय व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके मोफतच मिळतात. मग तिथला पालक जूनमध्ये पिशवी भरून आणतो ते काय? गाइडे, स्वाध्याय-पुस्तिका, आणि शाळेने अजून मागितलेल्याही नसतात अशा वह्या.

वह्यांपाशी थोडे थांबू. मार्चअखेरची कुठलीही वही उघडा. इतिहासाची निम्मी कोरी, चित्रकलेची त्याहून जास्त कोरी. दुरेघी आणल्या होत्या, बाईंनी एकरेघी सांगितली. त्या डझनातल्या सात तशाच कपाटात. ही कोरी पाने सोडवून, खाली जाड पुठ्ठा घालून दाभणाने शिवली की कच्च्या कामाची वही होते. पूर्वी हे घरोघर चाले. आता 'एवढ्यासाठी कोण बसतो' असे उत्तर मिळते. प्रतिपक्ष इथे एक दाखला देऊ शकतो. राज्य शासनाने २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पाने घातली होती. हेतू दप्तराचे ओझे कमी करण्याचा होता. जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला, कारण मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली. बघा, बचत फसलीच, असे कुणी म्हणेल. मी उलट निष्कर्ष काढतो. वह्या किती लागणार हे वर्गात, शिक्षकाच्या तोंडून ठरते. तिथे विचारल्याशिवाय केलेली बचत फसते, आणि तिथे विचारल्याशिवाय केलेली खरेदीही वाया जाते. शाळा सुरू होऊन आठवडा जाऊ द्या. मग वह्या घ्या.

'स्वस्त ते महाग' हे तत्त्व मी पूर्ण मान्य करतो. फक्त ते माझ्या बाजूचे आहे. कोल्हापूरचा पाऊस लक्षात घ्या. जुलैत गणवेश दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून दुसरा गणवेश ही चैन नव्हे. रेनकोट आणि बूट यांतही पैसे वाचवू नयेत. ओल्या पायांनी बसलेले मूल आजारी पडते. दप्तर घ्याल तेव्हा पट्ट्यांची शिवण आणि तळाचे कापड ओढून पाहा, आणि एकदा चांगले घेतले की तीन-चार वर्षे वापरा. चेन बिघडली तर चेन बदलून मिळते, दप्तर टाकावे लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला. दप्तरावर तो १८ टक्के आहे. म्हणजे जी वस्तू वर्षात संपते तिच्यावर कर नाही आणि जी टिकवता येते तिच्यावर भरपूर आहे. दर वर्षी नवे दप्तर घेणे कुठल्या हिशेबात बसते?

राहिला पेठेतला दुकानदार. तो एकेक वही सुटी देतो, रेघ चुकली तर बदलून देतो, ओळखीच्या घराला महिनाअखेरपर्यंत थांबतो. लागेल तसे घेणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्याचकडे यावे लागते. त्याचे गिऱ्हाईक पळवले ते एकगठ्ठा खरेदीच्या हौसेने आणि 'अमुक दुकानातूनच घ्या' म्हणून चिठ्ठी देणाऱ्या शाळांनी. अशी सक्ती करता येत नाही, असे शासनाचे आदेश आहेत. तरी पालक गप्प राहतात. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेत हा एक प्रश्न लेखी विचारला तरी पुरे.

निवाडा वाचकांनी करावा. माझे मागणे एवढेच आहे. १ मेच्या आसपास निकाल लागतो आणि जूनच्या मध्याला शाळा उघडते. मध्ये सहा आठवडे असतात. शिवाजी पेठेतल्या प्रत्येक तालमीने आणि तरुण मंडळाने या काळात आपल्या हॉलमधले एक कपाट मोकळे करावे. वरच्या इयत्तेत गेलेल्या मुलाने पुस्तके, कंपासपेटी, आखूड झालेला गणवेश तिथे आणून ठेवावा आणि आपल्याला हवे ते घेऊन जावे. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा चोख हिशेब ठेवणाऱ्या मंडळांना इयत्तावार यादी ठेवणे अवघड नाही. येत्या मेपासून सुरुवात करावी.