सहा घरे, एक ठिणगी: जुने रिव्हॉल्व्हर भरण्याचा इतिहास

१/ जुन्या रिव्हॉल्व्हरची कथा सांगताना ते कोणी झाडले, हे आपण आवर्जून सांगतो. ते भरले कसे जाई, हे मात्र राहून जाते. वास्तविक झाडणाऱ्याचा जीव त्यावरच अवलंबून असे.

२/ १८४७. अमेरिका-मेक्सिको युद्ध सुरू होते. कॅप्टन सॅम्युअल वॉकर यांच्या सूचनांनुसार सॅम्युअल कोल्ट यांनी सहा बारांचे अजस्र रिव्हॉल्व्हर घडवले. वजन सुमारे २ किलो. चक्रातील प्रत्येक घरात ६० ग्रेन, म्हणजे जवळपास ४ ग्रॅम काळी दारू मावे. असे सुमारे ११०० नग तयार झाले.

३/ धातूचे काडतूस अजून रूढ झाले नव्हते. ही फिरत्या चक्राची ठासणीची बंदूकच होती. घरात दारू ओतायची, शिशाची गोळी दांड्याने ठासायची, मागे टोपी चढवायची. आणि हे सहा वेळा.

४/ त्या काळचे लोखंड सर्वत्र सारखे मजबूत नसे. काठोकाठ भरलेल्या दारूचा दाब न सोसून काही चक्रे हातातच फुटली. १८४८ च्या ड्रॅगून नमुन्यात कोल्ट यांनी चक्र आखूड केले आणि दारूचे माप ५० ग्रेनांच्या आसपास आणले.

५/ दुसरा धोका शेजारच्या घराचा. एका बाराची ज्वाला तेथे शिरली, तर नळीसमोर नसलेली गोळीही सुटे. म्हणून गोळी घट्ट बसवत, घरांच्या तोंडाशी चरबी लिंपत. पुष्कळजण एक घर रिकामे ठेवून घोडा त्यावर टेकवत.

६/ १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी निर्धूर दारू सिद्ध केली. तिची ताकद काळ्या दारूच्या कितीतरी पट. जुन्याच मापाने ती भरणे म्हणजे शस्त्र फोडणे. कोल्टच्या १८७३ च्या प्रसिद्ध नमुन्यालाही निर्धूर दारूची हमी मिळाली ती १९०० च्या सुमारास.

७/ बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ चे. तेथे जादा दारू भरून शस्त्र झाडत. जे टिके त्यावर शिक्का उमटे. निर्धूर दारूच्या परीक्षेचा शिक्का पुढे वेगळा झाला.

८/ म्हणून संग्रहालयात जुने रिव्हॉल्व्हर दिसले, तर नक्षीआधी शिक्का पाहा. ते लोखंड किती सोसू शकते, याची साक्ष तोच देतो. आणि वारशाने घरात आलेले शस्त्र रिकामेच असेल, असे कधीही गृहीत धरू नका.